दीर्घिका फिरते, हे तुम्ही पाहिलंय का?

विज्ञान दिनाला खोडदच्या जीएमआरटीवर दरवर्षी शाळांच्या सहली येतात. यंदा मी एका पोस्टरजवळ उभी होते. पोस्टरवर सर्पिल दीर्घिकेचा मोठा फोटो, त्यावर बाण काढलेले आणि खाली लिहिलेलं, ‘तबकडी अशी फिरते’. आठवीतला एक मुलगा बराच वेळ फोटोकडे बघत होता. मग म्हणाला, “मॅडम, ही फिरते म्हणताय, पण तुम्ही फिरताना पाहिलंय का तिला?”

मी म्हटलं, “नाही. एका फेरीला कोट्यवधी वर्षं लागतात.”

“मग फिरते कशावरून?”

मागे रांग होती, त्यामुळे मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. माझी निम्मी पीएचडी याच एका गोष्टीवर उभी आहे: दीर्घिका फिरते आणि किती वेगाने फिरते हे आपल्याला मोजता येतं. म्हणून आज सावकाश उत्तर देते. उदाहरण म्हणून माझ्या प्रबंधातली दीर्घिका घेत नाही, ती लहान आणि फार दूरची आहे. आपण आपली शेजारीण घेऊ, एम३३. तिच्याबाबतीत हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका खगोलशास्त्रज्ञानेही विचारला होता. त्याने उत्तरही दिलं होतं आणि ते साफ चुकीचं होतं.

आधी ओळख

एम३३ त्रिकोण या छोट्या तारकासमूहात आहे. नोव्हेंबरमध्ये रात्री नऊ-दहाच्या सुमारास ती महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर असते. देवयानी दीर्घिका (एम३१) कशी शोधायची हे ठाऊक असेल, तर मिराक हा तारा तुम्हाला माहीत असेलच. मिराकच्या एका बाजूला एम३१, आणि साधारण तेवढ्याच अंतरावर विरुद्ध बाजूला एम३३. अंधाऱ्या ठिकाणी दुर्बिणीतून फिकट धुरकट डाग दिसतो. आकाशात तिची लांबी पूर्णचंद्राच्या दुपटीएवढी आहे, पण प्रकाश एवढा पसरलेला की शहरातून शोधायला जाऊच नका.

ती आपल्यापासून सुमारे २७ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. ताऱ्यांची तबकडी साधारण ६०,००० प्रकाशवर्षं रुंद. म्हणजे आपली आकाशगंगा आणि देवयानी या दोघींपेक्षा बरीच लहान, तरी आपल्या स्थानिक समूहात आकाराने तिसरी.

सर्पिल दीर्घिकेचे भाग पाठ्यपुस्तकात असे दिलेले असतात: मध्यभागी जुन्या ताऱ्यांचा फुगवटा, भोवती चपटी तबकडी, तबकडीत भुजा, आणि या सगळ्याला वेढणारं प्रभामंडळ. एम३३ मध्ये यातला फुगवटा जवळपास नाहीच. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात ४० लाखांहून जास्त सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. एम३३ च्या केंद्रात तसं काही सापडलेलं नाही. असलंच तर ते काही हजार सूर्यांपेक्षा कमी वजनाचं असणार, असं हबल दुर्बिणीने केंद्राजवळच्या ताऱ्यांचे वेग पाहून २००१ मध्ये दाखवलं. थोडक्यात, एम३३ म्हणजे तबकडी, भुजा आणि भरपूर वायू. तिच्या एका भुजेत एनजीसी ६०४ नावाचा तेजोमेघ आहे, सुमारे १,५०० प्रकाशवर्षं रुंद. आपल्या ओळखीचा मृग नक्षत्रातला तेजोमेघ त्यापुढे ठिपका वाटेल.

एवढ्या साध्या रचनेमुळेच ती आपल्या प्रश्नासाठी चांगली आहे. मध्ये मोठा फुगवटा नसल्याने तबकडीचं फिरणं स्वच्छ वाचता येतं.

ज्याने ‘पाहिलं’ त्याची गोष्ट

१९२० च्या आसपास दीर्घिका हा शब्द आजच्या अर्थाने रूढ नव्हता. या सगळ्यांना ‘सर्पिल तेजोमेघ’ म्हणत आणि वाद हा होता, की हे मेघ आपल्याच आकाशगंगेतले आहेत की फार दूरची स्वतंत्र ताराविश्वं आहेत?

अमेरिकेत माउंट विल्सन वेधशाळेत अॅड्रियान व्हॅन मानेन नावाचा डच खगोलशास्त्रज्ञ होता. बारीक मोजमापात त्याचा हात धरणारं कुणी नाही, अशी त्याची ख्याती. त्याने काही वर्षांच्या अंतराने काढलेल्या एकाच सर्पिलाच्या काचेच्या प्लेट शेजारी-शेजारी ठेवल्या आणि भुजांमधले ठिपके किती सरकले ते मोजलं. १९१६ मध्ये एम१०१, पुढच्या काही वर्षांत एम५१, एम३३ आणि आणखी काही. प्रत्येक ठिकाणी त्याला सर्पिल फिरताना ‘दिसलं’. एम१०१ साठी आलेला आकडा होता वर्षाला सुमारे ०.०२ विकला. (एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक भाग म्हणजे एक विकला.)

आकडा लहान वाटतो, पण त्याचा परिणाम बघा. एम१०१ आज आपल्याला माहीत आहे तशी सुमारे २ कोटी प्रकाशवर्षं दूर असेल, तर वर्षाला ०.०२ विकला म्हणजे वर्षाला जवळपास २ प्रकाशवर्षं. म्हणजे प्रकाशाच्या दुप्पट वेग! हे शक्य नाही. त्यामुळे व्हॅन मानेनची मोजमापं खरी असतील, तर सर्पिलं जवळच असली पाहिजेत, आपल्याच आकाशगंगेच्या अंगणात.

२६ एप्रिल १९२० ला वॉशिंग्टनमध्ये हार्लो शॅपली आणि हीबर कर्टिस यांचा या विषयावरचा प्रसिद्ध वाद झाला. शॅपलीच्या बाजूचा एक मोठा आधार हाच होता. व्हॅन मानेन त्याचा मित्र होता, आणि आपण मित्रावर विश्वास ठेवला, असं शॅपलीने पुढे आठवणींत लिहिलं.

मग एडविन हबलला देवयानी आणि एम३३ मध्ये सेफीड जातीचे रूपविकारी तारे सापडले. सेफीड जितका सावकाश उजळतो-मंदावतो, तितका तो मुळात तेजस्वी असतो. म्हणजे त्याचा काळ मोजला की खरी तेजस्विता कळते आणि त्यावरून अंतर. १९२५ च्या पहिल्याच दिवशी हे निष्कर्ष वॉशिंग्टनच्या सभेत वाचले गेले. १९२६ मध्ये हबलने फक्त एम३३ वर सविस्तर लेख लिहिला, त्यात ३५ सेफीड होते. त्याने काढलेलं अंतर आजच्यापेक्षा बरंच कमी होतं, तरी वाद मिटण्याइतकं मोठं होतं. एम३३ आकाशगंगेबाहेरचं स्वतंत्र ताराविश्व ठरलं.

म्हणजे व्हॅन मानेनने पाहिलेलं फिरणं खरं असूच शकत नव्हतं. १९३५ मध्ये हबलने प्लेटची फेरमोजणी छापली. त्यात फिरणं नव्हतं. व्हॅन मानेननेही आपले निष्कर्ष सावधपणे घ्यावेत, असं मान्य केलं. प्लेटवर ज्या सरकण्याबद्दल हे सगळं चाललं होतं, ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी होतं. त्याने लबाडी केली असं कुणी गांभीर्याने म्हणत नाही. उपकरणाच्या आणि डोळ्याच्या मर्यादेच्या टोकाला त्याला जे दिसायला हवं होतं ते दिसलं.

मग फिरते कशावरून?

फोटोत सरकताना दिसत नाही, मग दुसरा मार्ग रंगाचा, म्हणजे डॉप्लर परिणामाचा. रुग्णवाहिका आपल्याकडे येताना भोंगा चिरका वाटतो, लांब जाताना जाडा. प्रकाशाचं आणि रेडिओलहरींचंही तसंच. आपल्याकडे येणाऱ्या वायूची वारंवारता थोडी वाढते, दूर जाणाऱ्याची कमी होते.

यासाठी एक अट आहे. तबकडी आपल्याला अगदी समोरून, ताटासारखी दिसत असेल तर फिरणारा वायू ना जवळ येतो ना दूर जातो, त्यामुळे काहीच कळत नाही. एम३३ सुदैवाने सुमारे ५५ अंशांनी कललेली आहे. म्हणून ती लंबगोल दिसते आणि तिची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. १९४२ मध्ये मेयॉल आणि अॅलर यांनी तिच्यातल्या तेजोमेघांचा वर्णपट घेऊन हे फिरणं मोजलं.

पण ताऱ्यांची तबकडी संपली की तेजोमेघही संपतात. पुढे जायचं तर हायड्रोजन लागतो. थंड, उदासीन हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांची फिरकी एका दिशेत असते किंवा उलट. एका दिशेतून उलट दिशेत जाताना अणू २१ सेंटीमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो, वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्‌झ. एकट्या अणूत आपोआप असं व्हायला सरासरी एक कोटी वर्षांहून जास्त लागतात. पण दीर्घिकेत अणू इतके प्रचंड आहेत की संदेश सतत येत राहतो. आम्ही खोडदला ३० अँटेना लावून हीच रेघ ऐकतो.

सेकंदाला १०० किलोमीटरचा वेग ही रेघ अर्ध्या मेगाहर्ट्‌झहून किंचित कमी सरकवतो. रेडिओ दुर्बिणीसाठी हे मोजणं अवघड नाही. एम३३ आख्खीच आपल्याकडे सेकंदाला सुमारे १८० किलोमीटर वेगाने येते आहे, त्यामुळे तिची सगळी रेघ थोडी वर सरकलेली दिसते. त्या सरासरीच्या मानाने तबकडीची एक बाजू आणखी वर आणि दुसरी खाली. हा फरक म्हणजेच फिरणं.

एरेसिबो आणि इतर दुर्बिणींनी एम३३ चा हायड्रोजन असा मोजला आहे. तो ताऱ्यांच्या तबकडीच्या बराच बाहेरपर्यंत पसरलेला आहे आणि कडेला तबकडी मुरडलेली आहे, उन्हात वाकलेल्या ग्रामोफोनच्या तबकडीसारखी.

वेगावरून वजन

आता माझ्या कामाचा सगळ्यात आवडता हिशेब. यासाठी शाळेतलं गुरुत्वाकर्षण पुरतं.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते. आतल्या बाजूला किती वस्तुमान आहे हे वेगाच्या वर्गाला अंतराने गुणून कळतं. एम३३ च्या केंद्रापासून ५०,००० प्रकाशवर्षांवर हायड्रोजन सेकंदाला सुमारे १२५ किलोमीटरने फिरतो. म्हणजे पृथ्वीच्या ४.१७ पट, वर्ग केला की १७.४. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ३१६ कोटी पट. गुणाकार करा: सुमारे ५,५०० कोटी. म्हणजे त्या कक्षेच्या आत ५,५०० कोटी सूर्यांइतकं वस्तुमान असलं पाहिजे. (तबकडीच्या आकारामुळे नेमका आकडा थोडा बदलेल, पण मापाचा अंदाज हाच.)

आता दिसतं किती ते मोजू. तारे सगळे मिळून सुमारे ५०० कोटी सूर्यांइतके. वायू सुमारे ३०० कोटी. बेरीज ८००.

८०० कुठे आणि ५,५०० कुठे! एवढंच वस्तुमान असतं, तर तो वायू सेकंदाला ५० किलोमीटरपेक्षाही कमी वेगाने फिरायला हवा होता. तो १२५ ने फिरतोय आणि तरी निसटून जात नाही. त्याला धरून ठेवणारं जे काही आहे ते दिसत नाही. यालाच आपण कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर म्हणतो. काही संशोधक म्हणतात की वस्तुमान शोधण्यापेक्षा गुरुत्वाकर्षणाचा नियमच तपासा. बहुतेकांचं मत कृष्णद्रव्याच्या बाजूने आहे, पण कण अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.

आठवीतल्या त्या मुलाच्या प्रश्नात केवढं काय अडकलेलं आहे, ते इथे लक्षात येतं. फिरण्याचा वेग चुकला, तर वजन चुकलं. वजन चुकलं, तर कृष्णद्रव्य असल्या-नसल्याचा निर्णयच चुकला.

मग भुजा गुंडाळल्या का जात नाहीत?

फिरण्याचे आकडे हाती आले की एक नवीन अडचण उभी राहते. एम३३ मध्ये केंद्रापासून १३,००० प्रकाशवर्षांवर वेग सुमारे १०० किलोमीटर आहे, तिथे एका फेरीला साधारण २५ कोटी वर्षं लागतात. २६,००० प्रकाशवर्षांवर वेग सुमारे ११०, पण वाटच दुप्पट, म्हणून फेरीला ४५ कोटी वर्षं. हजार कोटी वर्षांत आतला भाग ४० फेऱ्या मारेल, बाहेरचा २२. भुजा म्हणजे त्याच त्याच ताऱ्यांची दोरी असती, तर आजवर तिचे अठरा वेढे बसले असते. फोटोत तर भुजा एकेक वेढाही नीट पुरा करत नाहीत.

म्हणजे भुजा ही वस्तू नाही. १९६४ मध्ये चिया-चियाओ लिन आणि फ्रँक शू यांनी मांडलं की भुजा ही घनतेची लाट असते. खंबाटकी घाट चढताना पुढे एखादा भरलेला ट्रक असला की मागे गाड्यांची गर्दी होते. गाड्या एकेक करून ट्रकला मागे टाकून निघून जातात, मागून नव्या येतात, गर्दी मात्र ट्रकच्या मागे तशीच असते आणि ट्रकच्या संथ वेगाने पुढे सरकते. तारे आणि वायू भुजेत असेच शिरतात आणि बाहेर पडतात. वायू तिथे दाबला जातो, नवे तारे जन्मतात. त्यातले सगळ्यात वजनदार तारे निळे, अतितेजस्वी आणि अल्पायुषी असतात. काहींना एक कोटी वर्षंही मिळत नाहीत. २५ कोटी वर्षांच्या फेरीत ते जन्मले तिथून फार लांब जाण्याआधीच मरतात. म्हणून भुजा उजळ दिसतात. भुजांच्या मधली जागा फोटोत रिकामी वाटते, पण तिथेही तारे भरपूर आहेत, फक्त ते जुने आणि मंद आहेत.

ही लाटेची कल्पना दोन ठळक भुजांच्या दीर्घिकांना जास्त शोभते. एम३३ च्या आतल्या दोन भुजा ओळखू येतात, पण बाकी सगळं तुटक, कापसाच्या पुंजक्यांसारखं आहे. तिथे वायू आपल्याच गुरुत्वाने जागोजागी गोळा होतो, आतला भाग लवकर आणि बाहेरचा उशिरा फिरत असल्याने तो पुंजका ताणला जाऊन भुजेच्या तुकड्यासारखा दिसतो, मग विरतो आणि दुसरीकडे नवा तयार होतो. भुजा राहतात, पण त्याच राहत नाहीत.

आणि शेवटी खरंच पाहिलं

२००५ मध्ये अँड्रियास ब्रुन्थालर आणि सहकाऱ्यांनी एम३३ फिरताना खरोखर पाहिली, व्हॅन मानेनला हवं होतं तसं, आकाशात सरकताना. नवे तारे जन्मतात तिथे पाण्याची वाफ कधीकधी नैसर्गिक मेसर बनते, म्हणजे रेडिओलहरींचा अत्यंत बारीक आणि तेजस्वी स्रोत. एम३३ च्या तबकडीत वेगवेगळ्या ठिकाणी असे दोन मेसर आहेत. हवाईपासून कॅरिबियनमधल्या बेटापर्यंत पसरलेल्या व्हीएलबीए या दहा अँटेनांच्या दुर्बिणीने त्यांच्यावर काही वर्षं नजर ठेवली.

ते एकमेकांच्या मानाने वर्षाला सुमारे ३० मायक्रोविकला सरकले. विकलेचे दहा लाख भाग करून त्यातले तीस. चंद्रावर ठेवलेली वस्तू वर्षभरात साडेपाच सेंटीमीटर सरकली, हे पृथ्वीवरून ओळखण्यासारखं ते आहे. व्हॅन मानेनचे आकडे याच्या शेकडो पट मोठे होते.

यातला गोड भाग असा: सेकंदाला किती किलोमीटर, हे हायड्रोजनच्या रेघेवरून आधीच माहीत होतं. आता आकाशात वर्षाला किती कोन, तेही कळलं. दोन्ही जोडले की अंतर निघतं. आलं सुमारे २४ लाख प्रकाशवर्षं, पाचएक लाख कमी-जास्त. सेफीड वगैरेंनी दिलेल्या २७ लाखांशी ते जुळतं. दोन वाटा एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या होत्या आणि त्या एकाच गावाला पोचल्या.

माझा व्हॅन मानेन

गेल्या वर्षी मला माझ्या दीर्घिकेच्या कडेला हायड्रोजनचा एक सुंदर मुरडलेला पट्टा दिसला. दोन आठवडे मी त्यावरच होते, लेखाचं शीर्षकसुद्धा ठरवलं. गाइडना दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “दोन रात्रींचा डेटा वेगळा कर आणि दोनदा नकाशा काढ.” काढला. एका रात्रीत पट्टा होता, दुसऱ्या रात्रीत नव्हता. अँटेनांच्या एका जोडीतली गडबड मी काढून टाकायची विसरले होते. चूक पूर्णपणे माझी होती. त्या संध्याकाळी मला व्हॅन मानेनबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. तोही माझ्यासारखाच प्लेटकडे तासन्‌तास बघत बसला असणार.

तर, खोडदला भेटलेल्या मित्रा, तुझं उत्तर. मी स्वतः पाहिलेलं नाही. एकाने पाहिलं म्हणून सांगितलं, ते चुकीचं निघालं. नंतर वायूच्या रेघेवरून कळलं, वेगवेगळ्या दुर्बिणींनी तपासलं, आणि सगळ्यात शेवटी मेसर सरकताना मोजले. सगळ्यांची उत्तरं जुळतात, म्हणून मी फिरते म्हणते. पुढच्या विज्ञान दिनाला आलास, तर पोस्टरवरच्या बाणांशेजारी वेगाचा आकडाही लिहिलेला असेल. तो कुठून आला, हेही विचार.